धुके, राख, वादळ आणि आपले तिकीट

१४ जानेवारी २०२४, उत्तरायणाचा दिवस. या दिवशी बडोद्यात घरात कोणी सापडत नाही, सगळे गच्चीवर असतात. उंधियू, जिलबी, फिरक्या आणि दर दोन मिनिटांनी 'काप्यो छे'चा गलका. त्या सकाळी मी आणि आई मात्र हरणीच्या विमानतळावर बसलो होतो. ग्वाल्हेरला माझे मोठे मामा गेले होते आणि दुसऱ्या दिवशी, नेमका संक्रांतीला, त्यांचा तेरावा होता. आई त्यांच्या पाठची बहीण, भावंडांत आता एकटीच उरलेली. वय ७४, दोन्ही गुडघे दुखरे. रात्रभराची गाडी तिला झेपणार नाही म्हणून दिल्लीपर्यंत विमान आणि पुढे मोटार, असा बेत मीच आखला होता.

काचेतून बाहेर पाहावे तर आकाश निळेभोर आणि त्यात पतंगच पतंग. फलकावर मात्र आधी एक तास उशीर, मग दोन, मग साडेतीन. दिल्लीत धुके होते. दुपार उलटल्यावर उड्डाण रद्द झाल्याची घोषणा झाली. काउंटरवरची मुलगी बिचारी सकाळपासून उभी होती. ती म्हणाली, "मॅम, वेदर है. इसमें कंपनी कुछ नहीं दे सकती. आपके फोन पे लिंक आया होगा."

लिंक आली होती. त्यात दोन पर्याय ठळक दिसत होते : दुसरी तारीख घ्या किंवा रक्कम कंपनीच्या खात्यात 'क्रेडिट' म्हणून ठेवा. मागे रांग, शेजारी मधुमेहाची आई, तिच्या जेवणाची वेळ टळून गेलेली. मी क्रेडिटवर बोट ठेवले आणि मोकळी झाले. पूर्ण पैसे परत मागण्याचा तिसरा पर्यायही त्याच पानावर, पण खाली बारीक अक्षरांत होता, हे घरी आल्यावर कळले.

त्यानंतरचे पाच आठवडे मी ईमेल लिहिण्यात आणि नियम वाचण्यात घालवले. तेव्हा जे कळले ते आपल्या मंडळातल्या सगळ्यांना ठाऊक असावे असे वाटते, म्हणून हा लेख. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरचे कोणी ना कोणी दूर आहे. इंदूरची लेक हैदराबादला, बेळगावचा मुलगा जर्मनीत, पणजीची नात अमेरिकेत. विमान आता चैनीची वस्तू राहिलेली नाही, आणि धुके, वादळ, पूर हे तर दरवर्षीचेच पाहुणे.

'निसर्गाचा कोप' म्हणून कंपनीला काय माफ आहे?

पहिली गाठ इथेच बसते. भरपाई आणि परतावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि काउंटरवर त्या सर्रास एकत्र केल्या जातात.

आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, ही नियामक संस्था आहे. उड्डाण रद्द झाले, उशीर झाला किंवा जागा असूनही प्रवाशाला चढू दिले नाही, तर कंपनीने काय करायचे याचे नियम तिने २०१० सालीच लागू केले आणि पुढे वेळोवेळी सुधारले. त्यानुसार कंपनीने वेळेत न कळवता उड्डाण रद्द केले, तर परताव्याखेरीज वर भरपाई द्यावी लागते. प्रवासाच्या कालावधीप्रमाणे तिची कमाल मर्यादा ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये आहे. मात्र मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांची बेरीज त्याहून कमी असेल, तर तेवढीच रक्कम मिळते.

ही भरपाई नैसर्गिक आपत्ती, पूर, खराब हवामान, दंगल, सरकारी आदेश, हवाई वाहतूक नियंत्रणाचे निर्बंध अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी माफ आहे. हे न्यायाचेच आहे. दिल्लीच्या धुक्याला बडोद्यात उभी असलेली कंपनी काय करणार?

पण माफी आहे ती भरपाईची. जी सेवा दिलीच नाही तिचे घेतलेले पैसे ठेवून घेण्याची नाही. उड्डाण कंपनीने रद्द केले की कारण धुके असो वा ज्वालामुखी, प्रवाशाला दुसरे उड्डाण किंवा पूर्ण पैसे परत यांतले एक निवडता येते, आणि निवड प्रवाशाची असते. उशीर सहा तासांहून जास्त होणार असेल, तरीही हाच पर्याय द्यावा लागतो. 'वेदर है' हे वाक्य खरे होते. त्याच्या पुढचे 'कुछ नहीं' तेवढे खोटे होते.

पैसे कसे आणि कधी परत?

परताव्यासाठी डीजीसीएचा वेगळा नियम आहे. त्यातले चार मुद्दे लक्षात ठेवण्याजोगे आहेत.

एक, कार्डाने पैसे भरले असतील तर सात दिवसांत ते त्याच खात्यात परत गेले पाहिजेत. रोखीने तिकीट काढले असेल तर कंपनीच्या कार्यालयाने ते तत्काळ द्यायचे.

दोन, तिकीट एजंटकडून किंवा एखाद्या संकेतस्थळावरून काढले असले, तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच, कारण एजंट हा तिचा प्रतिनिधी. अशा वेळी थोडा जास्त अवधी लागतो, पण "एजंटला विचारा" आणि "कंपनीला विचारा" हा टोलवाटोलवीचा खेळ नियमाला मान्य नाही.

तीन, क्रेडिट घ्यायचे की रोख, हे प्रवाशाने ठरवायचे. कंपनी आपण होऊन क्रेडिट देऊन मोकळी होऊ शकत नाही.

चार, 'नॉन-रिफंडेबल' तिकिटावरही सरकारी कर आणि विमानतळाची शुल्के परत मिळतात, अगदी आपण स्वतः जायचे रद्द केले तरी.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट. वादळाची बातमी टीव्हीवर पाहिली की घाबरून लगेच तिकीट रद्द करू नका. कंपनीने उड्डाण रद्द करण्याआधी आपण रद्द केले, तर ते 'स्वेच्छेने' धरले जाते आणि नेहमीचे रद्दशुल्क कापले जाते. मोठ्या वादळापूर्वी कंपन्या बहुधा त्या शहरांसाठी तारीख फुकट बदलण्याची किंवा शुल्क न घेता रद्द करण्याची सवलत जाहीर करतात. ती येईपर्यंत थांबावे. घाई केली तर नुकसान आपले.

ताटकळत असताना

अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर वेळेवर विमानतळावर पोहोचलेल्या प्रवाशांना खाण्यापिण्याची सोय द्यावी, असे नियम सांगतो. अडीच ते पाच तासांच्या प्रवासाला ही मर्यादा तीन तास आणि त्याहून लांबच्या प्रवासाला चार तास. उशीर चोवीस तासांवर गेला, किंवा रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यानचे उड्डाण सहा तासांहून जास्त लांबले, तर हॉटेल आणि तिथवर नेण्या-आणण्याची सोयही.

हॉटेलच्या बाबतीत कंपन्या हवामानाचे कारण पुढे करून हात वर करतात, असा अनेकांचा अनुभव आहे. तरीही मागावे, नकार मिळाला तर तो लेखी घ्यावा आणि आपल्या खर्चाच्या पावत्या जपून ठेवाव्यात. आम्हाला त्या दिवशी पाण्याची बाटली मिळाली. आईला मधुमेह आहे हे मी सांगितलेच नाही, संकोच वाटला. आपण मराठी माणसे काउंटरवर फार लवकर "असू दे" म्हणतो. सोबत ज्येष्ठ, आजारी किंवा लहान मूल असेल, तर ते पहिल्या वाक्यात सांगावे.

आमच्या दुसऱ्याच दिवशी, १५ जानेवारी २०२४ ला, डीजीसीएने धुक्यासाठी कंपन्यांना नवी कार्यपद्धती दिली : तीन तासांहून जास्त उशीर होणार असे दिसत असेल तर उड्डाण पुरेसे आधी रद्द करता येईल आणि प्रवाशांना खरी वेळ कळवत राहावे लागेल. ती आदल्या दिवशी असती, तर सकाळीच निर्णय झाला असता. मग आईला घेऊन मोटारीने निघायचे की नाही, हे ठरवायला आमच्या हातात अख्खा दिवस असता.

राखेचे ढग

निसर्गाचे कारण नेहमी आपल्या डोळ्यांसमोरचे असते असे नाही. २३ नोव्हेंबर २०२५ ला इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला. हजारो वर्षांत तो फुटल्याची नोंद नव्हती. त्याची राख तांबड्या समुद्रावरून, येमेन-ओमानमार्गे दुसऱ्या दिवशी रात्री गुजरात, राजस्थान आणि दिल्लीच्या आकाशात आली. आपल्याकडची काही उड्डाणे रद्द झाली, आखाताकडे निघालेले एक विमान अहमदाबादला उतरवावे लागले.

राखेला एवढे का भ्यायचे? ती म्हणजे चुलीतली मऊ राख नव्हे, काच आणि खडक यांचा बारीक चुरा असतो. इंजिनाच्या आत तो वितळतो आणि पात्यांवर जाऊन पुन्हा थिजतो. २४ जून १९८२ ला क्वालालंपूरहून पर्थला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची चारही इंजिने जावा बेटावरच्या गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत बंद पडली होती. राखेतून खाली आल्यावर ती पुन्हा सुरू झाली आणि विमान जकार्तात सुखरूप उतरले. विमानातल्या हवामान रडारवर ही राख दिसत नाही, म्हणून तिच्या वाटेला न जाणे हाच उपाय. जमिनीवर थांबवलेल्या विमानाबद्दल चिडावे तेवढे थोडे, पण ते थांबवले हे बरेच झाले, एवढे मनाशी ठेवावे.

मुले परदेशी असतील तर

एप्रिल २०१० मध्ये आइसलंडचा एयाफ्यालायोकुल ज्वालामुखी फुटला आणि युरोपचे आकाश जवळपास आठवडाभर बंद राहिले. सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली, एक कोटीच्या आसपास प्रवासी अडकले. त्यांतली एक आयर्लंडची प्रवासी. तिला पोर्तुगालमधल्या फारोहून डब्लिनला परतायचे होते, ती आठवडाभर अडकली. जेवण, निवास आणि वाहतूक यांवर तिचे सुमारे ११३० युरो खर्च झाले. कंपनी म्हणाली, हे तर असाधारणाहूनही असाधारण आहे. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले. ३१ जानेवारी २०१३ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, असाधारण परिस्थितीत भरपाई माफ असली तरी प्रवाशाची काळजी घेण्याचे कर्तव्य माफ नाही, आणि त्याला दिवसांची वा पैशांची ठरावीक मर्यादाही नाही. खर्च मात्र गरजेचा आणि वाजवी हवा.

हा युरोपीय नियम, क्रमांक २६१, आपल्यालाही उपयोगी आहे. युरोपीय संघातून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला तो लागू होतो. मुंबईहून फ्रँकफुर्टला जाताना मात्र विमान युरोपीय कंपनीचे असेल तरच. संघ सोडल्यावरही ब्रिटनने तसाच कायदा ठेवला आहे.

अमेरिकेने ऑक्टोबर २०२४ पासून परतावा आपोआप देण्याचा नियम केला. उड्डाण रद्द झाले, किंवा देशांतर्गत तीन तास आणि आंतरराष्ट्रीय सहा तासांहून जास्त बदलले, आणि प्रवाशाने दुसरा पर्याय स्वीकारला नाही, तर कारण कोणतेही असो, कार्डावरचे पैसे सात कामाच्या दिवसांत परत. अमेरिकेला जाणाऱ्या आणि तिथून येणाऱ्या विमानांनाही तो लागू आहे.

विमा : चौकट भरली, कागद वाचला नाही

तिकीट काढताना मी विम्याच्या चौकटीवर खूण केली होती. पॉलिसी ईमेलवर आली आणि तिथेच पडून राहिली. उड्डाण रद्द झाल्यावर आठवण झाली, तर दावा पहिल्यांदा नामंजूर. कारण? विमान कंपनीचे, उशिराचे कारण आणि तास नमूद केलेले पत्र नव्हते. ते ईमेलने मागवले, दहा दिवसांनी आले, मग उशिराची ठरलेली रक्कम मिळाली. दिल्लीहून ग्वाल्हेरच्या मोटारीसाठी दिलेली आगाऊ रक्कम मात्र बुडाली, कारण तिची पावतीच नव्हती. फोनवर ठरवले आणि पैसे पाठवले, झाले.

प्रवास विम्यात चार कलमे आधी वाचावीत. पहिले, उशिराचे तास. काही पॉलिसींत सहा तासांनंतर, काहींत बारा तासांनंतर पैसे सुरू होतात. दुसरे, कारणांची यादी. 'खराब हवामान' लिहिलेले असते, पण राख हे हवामान आहे का? २०१० मध्ये युरोपात विमा कंपन्या आणि ग्राहक यांच्यात यावरच वाद पेटला होता. 'नैसर्गिक आपत्ती' किंवा 'ज्वालामुखी' हे शब्द यादीत असलेले बरे. तिसरे, चुकलेले जोडविमान. चौथे, मुक्काम वाढला तर मुदत वाढते का? परदेशी गेलेल्या आईवडिलांसाठी हे फार महत्त्वाचे, कारण औषधोपचाराचे संरक्षणही त्याच मुदतीला बांधलेले असते.

आणि एक मोठी मेख : आधीच ठाऊक असलेल्या घटनेला विमा नाही. बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात चक्रीवादळ तयार झाले, हवामान खात्याने त्याला नाव दिले, आणि मग आपण विमा काढला, तर त्या वादळापुरता दावा बहुधा फेटाळला जातो. म्हणून विमा तिकिटाबरोबरच काढावा. आकाश भरून आल्यावर नव्हे.

विमान कंपनीने तिकिटाचे पैसे परत केले असतील, तर तेच पैसे विम्यातून पुन्हा मिळत नाहीत. विमा आहे तो बाकीच्यासाठी : परत न मिळणारे हॉटेल, चुकलेले पुढचे तिकीट, अडकून पडल्यावरचा खर्च.

एकच तिकीट की दोन?

ही अडचण खास आपल्या गावांची. बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, कुठूनही परदेशी जायचे तर बहुतेक वेळा आधी मुंबई, दिल्ली किंवा बंगळूर गाठावे लागते. थोडे पैसे वाचवायला आपण दोन वेगळी तिकिटे काढतो. धुक्याने पहिले विमान अडकले की दुसरी कंपनी आपल्याला 'आलाच नाही' असे धरते आणि ते तिकीट वाया जाते. पहिली कंपनी फक्त आपल्या तिकिटाचे पैसे देते. दोन्ही टप्पे एकाच आरक्षण क्रमांकावर असतील, तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीची असते. दोन वेगळीच काढायची झाली, तर मध्ये एक रात्र ठेवावी किंवा जोडविमानाचा विमा घ्यावा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे जायचे असेल, तर पहाटेचे जोडविमान टाळलेलेच बरे.

तक्रार कुठे करायची?

आधी विमान कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला ईमेल. त्यांचे नाव-पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. तिथे दाद लागली नाही तर कंपनीचेच अपील अधिकारी, आणि सरकारच्या 'एअरसेवा' संकेतस्थळावर किंवा अॅपवर तक्रार. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. त्यापुढे आपल्या राहत्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग. घटनेपासून दोन वर्षांत तिथे जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही.

विम्याची तक्रार आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपाल. शुल्क नाही, वकील नाही, साधा अर्ज पुरतो. मात्र कंपनीच्या नकारानंतर वर्षभरात जायला हवे. आपल्या वाचकांच्या सोयीसाठी : गुजरातचे लोकपाल अहमदाबादला, मध्य प्रदेशचे भोपाळला, तेलंगणाचे हैदराबादला, कर्नाटकाचे बंगळूरला, आणि गोव्याचे कामकाज पुणे कार्यालयात.

मी नोडल अधिकाऱ्याला तीन ओळी लिहिल्या होत्या : उड्डाण कंपनीने रद्द केले, परताव्याचा पर्याय मला स्पष्ट दाखवला नाही, क्रेडिट ही प्रवाशाची निवड असते असे नियम सांगतो. उत्तर आले नाही. मग तेच एअरसेवावर टाकले. पाचव्या आठवड्यात पूर्ण रक्कम खात्यात आली. आरडाओरडा नाही, ओळख नाही, वशिला नाही.

कपाटाच्या दारावर लावायला

• तिकीट काढताना स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल द्या. एजंटचा दिला तर निरोप त्याला जातो.
• उड्डाण रद्द झाल्याचा संदेश, फलकाचा फोटो आणि बोर्डिंग पास जपा.
• काउंटर सोडण्यापूर्वी कारण लिहिलेले पत्र किंवा ईमेल मागा.
• लिंक उघडली की शेवटपर्यंत वाचा. 'रिफंड' शब्द शोधा, मगच बोट ठेवा.
• पाण्याच्या बाटलीपासून टॅक्सीपर्यंत प्रत्येक पावती ठेवा.
• ज्येष्ठांच्या हातातल्या पिशवीत दोन दिवसांची औषधे आणि थोडा खाऊ असू द्या.
• नियमांतल्या रकमा आणि मुदती बदलत असतात. लांबच्या प्रवासापूर्वी डीजीसीएच्या संकेतस्थळावर ताजा नियम पाहा.

त्या संध्याकाळी आम्ही घरी परतलो तेव्हा रस्त्यावर मांजा पसरलेला होता आणि गच्च्यांवर फटाके सुरू झाले होते. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून ती व्हिडिओ कॉलवर बसली. मामेभावाने फोन मामांच्या तसबिरीसमोर टेकवून ठेवला होता. मध्येच रेंज जात होती.

परतावा आल्याचे मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "ते पैसे वेगळे ठेव. वर्षश्राद्धाला जाऊ. दोन दिवस आधी निघू, आणि गाडीनं." तसेच केले. खालचा बर्थ मिळाला, गुडघेही सांभाळले गेले.

आपल्यापैकी कोणाला असा अनुभव आला असेल, दाद मिळाली असेल किंवा मिळाली नसेल, तर संपादकांकडे जरूर लिहून पाठवा. एकाला सापडलेली वाट दहा जणांच्या कामी येईल.